तिसरं विचारणं

बेरेझात कुणी काही विचारलं तर आधी नाही म्हणायचं असतं. कॉफी घेणार का, तर नाही. अहो घ्या थोडी, तर नको, आत्ताच झाली. तिसऱ्यांदा विचारलं की मग कप पुढे करायचा आणि वर म्हणायचं, आता तुम्ही आग्रहच करताय म्हणून. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा अधाशी ठरतो. आणि तिसऱ्या खेपेला नाही म्हणणारा माणूस बेरेझाच्या शंभर वर्षांत कुणी पाहिला नव्हता. कॉफीला जो नियम तोच लग्नाच्या मागणीला, आणि तोच पालिकेच्या रीव्हपदाला, म्हणजे अध्यक्षपदाला; फक्त तिथे तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारावं लागतं.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी दुपारी सव्वातीनला, गावच्या हॉलच्या तळघरात, मेत्रो होलोवातीने तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

विचारलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीने, पराश्काने. रविवारच्या गावजेवणाच्या पिरोही दरवर्षी होलोवातींकडे असतात, दोनशे डझन, आणि सगळं घर लांब टेबलाभोवती बसून त्या चिमटत होतं. पराश्का एकोणऐंशीची, पण तिची पिरोही अजून करंजीसारखी नेटकी मिटायची आणि उकळत्या पाण्यात कधी फुटायची नाही. तिने हातातली कड पुरी केली, पिरोही फडक्यावर ठेवली आणि मगच बोलली.

"मेत्रो, पुढची चार वर्षंही तूच रीव्ह हो."

"नाही," मेत्रो म्हणाला. तो पातेल्यात बटाटे कुस्करत होता.

सगळे थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्याने तसेच बसून राहिले, जणू उत्तर अजून यायचंय.

"तुझी मोजणी चुकतेय," पराश्का म्हणाली. "वसंतात ऑरेस्टने विचारलं. कापणीला पालिकेच्या बोहदानने विचारलं. आता मी. आता हो म्हणायचं असतं."

"मोजूनच नाही म्हटलंय, पराश्का. मी सत्तरीला आलो. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, कानही देताहेत. चोवीस वर्षं पुष्कळ झाली."

"अरे, मग पहिल्यांदाच तसं नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. नाही म्हटलं होतं."

त्याचं चुकलं काहीच नव्हतं, आणि घोळ नेमका तिथेच होता. मेत्रो दोनदा नाही म्हणाला याचा अर्थ सगळ्या पालिकेने एकच लावला, की गडी तयार आहे. म्हणून उमेदवारी अर्ज कुणीच भरला नाही. होलोवाती उभा असताना समोर अर्ज टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. पहिली मुदत कोरडी गेली. विल्मा पीटर्सनने, म्हणजे पालिकेच्या कारभारणीने, नियमाप्रमाणे दुसरी आणि शेवटची मुदत लावली. ती आज चार वाजता संपत होती.

टेबलाच्या टोकाला कणीक लाटत असलेल्या स्तेफ्काचे हात क्षणभर थांबले. ती मेत्रोची बायको, वय चौसष्ट. तिच्या एप्रनच्या खिशात एक कोरा अर्ज घडी करून ठेवलेला होता. 'मेत्रोसाठी लागेल' असं सांगून तिने तो दहा दिवसांपूर्वी विल्माकडून आणला होता, आणि ते खोटं होतं. मेत्रो खरंच नाही म्हणतोय हे बेरेझात फक्त तिला माहीत होतं. अर्ज तिने स्वतःसाठी आणला होता. तिला ती खुर्ची हवी होती. इतकी, की रात्री उशाशी त्या कागदाचा विचार यायचा आणि चौसष्टाव्या वर्षी तिला लाजल्यासारखं व्हायचं. पण बेरेझात आपण होऊन अर्ज भरायची रीत नाही. कुणीतरी विचारावं लागतं. आणि स्तेफ्काला एवढ्या वर्षांत कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

"मग आता काय?" हाल्या म्हणाली. ही स्तेफ्काची मुलगी. लग्न होऊन ओढ्यापलीकडे दिलेली, दोन लेकरं, आणि घरात सगळ्यात मोठा आवाज. "कुणीच नाही तर काय होतं?"

"राजधानीतून, रेजायनाहून, सरकार माणूस नेमतं," ऑरेस्ट म्हणाला. "आणि तो माणूस पहिलं काम काय करेल ते मी लिहून देतो."

ऑरेस्ट हा पराश्काचा मुलगा, मेत्रोचा भाचा. पंचेचाळिशीचा, शेतकी कॉलेजात शिकलेला, पालिकेच्या सभासदांत सगळ्यात हुशार. आज पीठ मळायच्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता, आणि का ते सगळ्यांना कळलेलं होतं. त्यालाही दोनदा विचारून झालं होतं, एकदा ईस्टरला आणि एकदा गवत कापताना. दोन्ही वेळा तो रीतीप्रमाणे नाही म्हणाला आणि तिसऱ्याची वाट बघत बसला. मग लोकांचं लक्ष मेत्रोकडे गेलं आणि त्याचं तिसरं विचारणं राहूनच गेलं. बिचारा तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला इस्त्री करून येत होता.

"काय करेल?" हाल्याने विचारलं.

"आपल्याला शेजारच्या हॅल्डेन पालिकेत विलीन करेल. आणि स्पष्ट बोलू का? चुकीचं काही नाही त्यात." ऑरेस्टने खिशातून कागद काढला. पराश्काने त्याच्यासमोरचं पीठ बाजूला सारून जागा करून दिली. "माणसं किती आपल्याकडे? तीनशे सात. रस्ते किती? चारशे साठ मैल. म्हणजे पाळण्यातल्या पोरासकट माणशी दीड मैल रस्ता. दक्षिणेच्या तेलविहिरी बंद पडल्या, कंपनी कर बुडवून गेली, तिचं कुलूप तेवढं राहिलं. पूल बांधायचा तर चौदा लाख डॉलर. हॅल्डेनकडे खनिजाची खाण आहे. त्यांच्या रीव्हच्या टेबलावर फुलदाणी असते. आपल्या रीव्हच्या टेबलावर काय असतं?"

"उंदराचा सापळा," मेत्रो म्हणाला.

"तेच सांगतोय, वुयको," ऑरेस्ट मामाला म्हणाला.

"त्यात उंदीर सापडतो तरी. फुलदाणीत काय सापडतं?"

हाल्या हसली, पण तिचा चेहरा लगेच उतरला. पूल म्हणजे तिच्याच वाटेवरचा पूल. जुलैत इंजिनीअर आले, त्यांनी तुळया ठोकून पाहिल्या आणि पाच टनांची पाटी लावून गेले. तेव्हापासून पुलावरून धान्याचा ट्रक नाही, शाळेची बस नाही. हाल्याची पोरं रोज एकोणीस मैलांचा वळसा घालून शाळेत जात होती आणि धाकटं बसमध्येच झोपून उठायचं.

"विलीन झालो तर पूल होईल?" तिने विचारलं.

ऑरेस्ट प्रामाणिक होता. "हॅल्डेनपासून तो पूल बावन्न मैल लांब आहे," तो म्हणाला. "लगेच होईल असं म्हणवत नाही."

"म्हणजे होणार नाही."

"तिला सांग," पराश्का हाल्याला म्हणाली, "कणीक जाड येतेय."

तिला म्हणजे स्तेफ्काला. स्तेफ्का चार हातांवर उभी होती, पण पराश्का तिच्याशी थेट बोलत नसे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाला तीन आठवडे झालेले असताना, याच टेबलावर नव्या नवरीने पराश्काच्या सारणाची चव घेतली होती आणि भर पंगतीत म्हणाली होती, मीठ कमी आहे. त्या दिवसापासून पराश्काचे सगळे निरोप तिसऱ्याच्या तोंडून जायचे. तिसरा कुणी नसला तर कुत्र्याला सांगायची.

"आई, कणीक जाड येतेय," हाल्या म्हणाली.

"ऐकलं," स्तेफ्का म्हणाली आणि लाटणं जोर लावून फिरवलं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मेत्रो जवळ होता, त्याने उचलला. "हो," तो म्हणाला. "हो. बरं. अरे अरे. थांब, देतो." आणि त्याने रिसीव्हर बायकोपुढे धरला. "लायल आहे. घरी लावला, कुणी उचलला नाही म्हणून इथे लावलाय."

स्तेफ्काचे दोन्ही हात पिठात होते. हाल्याने रिसीव्हर तिच्या कानाला लावून धरला.

"कुठे आहेस, लायल? झास्कोच्या कोपऱ्यावर? किती पाणी आहे, चाकाच्या वर की खाली? मग पुढे जाऊ नकोस. मोरी बुजवली असणार बीव्हरांनी फांद्या कोंबून, गेल्या महिन्यातही बुजवली होती. गाडीत काय आहे, वासरं? मग मागे फीर आणि स्मशानाच्या रस्त्याने ये. एक मैल जास्त पडेल, पण तिथे मी गेल्या वर्षी खडी टाकून घेतलीय, रुतणार नाहीस. बोहदानला मी मोरी उपसायला आकडा घेऊन पाठवते. ग्रेडर नाही, रस्ता सपाट करायचं ते धूड तिथे बुडेल. हो. बायकोचा हात कसा आहे आता? बरं."

हाल्याने तोच निरोप फोनवर बोहदानला दिला आणि रिसीव्हर परत टांगला. स्तेफ्काने पुन्हा लाटणं घेतलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की ऑरेस्ट तिच्याकडे बघतोय.

"खडी कुणी टाकून घेतली?" त्याने मामीला विचारलं.

"पालिकेने," ती घाईने म्हणाली.

"नाही वुयना, तुम्ही 'मी' म्हणालात. मी सभासद आहे. स्मशानाच्या रस्त्याची खडी सभेत वुयकोने मांडली तेव्हा मला वाटलं होतं, हे यांना कसं सुचलं."

मेत्रो बटाट्यांकडे बघत म्हणाला, "मला नाही सुचलं. सकाळी नाश्त्याला सुचवलं गेलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंही नाश्त्यालाच."

ऑरेस्टने कागद टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा शाळेतल्या मास्तरसारखा झाला होता, ज्याला शेवटच्या बाकावरून बरोबर उत्तर येतं. "मग पुलाचं काय ते सांगा. नाश्त्याला पुलाबद्दल काय झालं?"

स्तेफ्काने पाहिलं की सगळे ऐकताहेत. तिला बोलायचं नव्हतं, पण रस्त्यांबद्दल कुणी विचारलं आणि ती गप्प बसली असं आजवर झालेलं नव्हतं.

"पूल बांधायचाच कशाला?" ती म्हणाली. "ओढ्याला पाणी असतं वर्षातून तीन आठवडे. तीन मोठे पाईप टाकायचे, वर भराव घालायचा, झाली मोरी. तीन लाखांत होते. त्यातले निम्मे सरकार देतं, मोऱ्यांसाठी वेगळं अनुदान आहे. पण त्याचा अर्ज डिसेंबरच्या आत जायला हवा आणि त्यावर नव्या रीव्हची सही लागते. नेमलेला माणूस न पाहिलेल्या ओढ्यासाठी कशाला सही करेल?"

"उरलेले दीड लाख?"

"आपल्या खदाणीतली खडी हॅल्डेनला कोण नेतं? दिवसाला चाळीस ट्रक आपल्याच रस्त्यावरून जातात आणि रस्त्याची वाट लावतात. त्यांच्याशी रस्ता वापराचा करार करायचा, टनामागे पैसे घ्यायचे. दुसऱ्या पालिका घेतात, आपण भिडेपोटी मागितलेच नाहीत. आणि हॅल्डेनकडे पैसा आहे, पण ग्रेडर चालवायला माणूस नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांचे दक्षिणेचे बारा मैल चार दिवस बर्फाखाली होते. आपल्याकडे बोहदान आहे. बोहदान त्यांचे बारा मैल साफ करेल, त्यांनी आपली खडी फोडून द्यावी. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला जातो, म्हणून काय कुणी त्याच्या घरात राहायला जातं?"

ती थांबली. एवढं लांब ती या टेबलावर कधी बोलली नव्हती. तिने मान खाली घातली आणि आधीच लाटलेली पोळी पुन्हा लाटायला घेतली.

ऑरेस्टने पेन काढून कागदाच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. एकदा बेरीज केली, मग खालून वर पुन्हा केली. "होतंय," तो पुटपुटला, आणि ते त्याला फारसं आवडलेलं दिसलं नाही.

जिन्यावर बूट वाजले. विल्मा पीटर्सन खाली आली. पालिकेचं ऑफिस समोरच, रस्ता ओलांडला की. पालिकेची कारभारीण तीच, निवडणूक अधिकारी तीच, आणि बर्फ पडला की ऑफिसची पायरी लोटणारीही तीच. तिने भिंतीवरचं बियाण्यांच्या कंपनीचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ जुळवून पाहिलं.

"तीन वाजून पस्तीस," ती म्हणाली. "मी काही सुचवायला आले नाही, मला सुचवता येत नाही. मी फक्त पिरोही कशा होताहेत ते बघायला आले. चार वाजता मी ड्रॉवरला कुलूप लावते आणि रेजायनाला फोन करते."

"कॉफी घेणार का, विल्मा?" पराश्काने विचारलं.

"घेते," विल्मा म्हणाली. ती नॉर्वेजियन घराण्यातली होती, त्यांच्यात तसं चालतं.

ऑरेस्टने शर्टाची कॉलर सरळ केली. सगळ्यांना कळत होतं की आता त्याला तिसऱ्यांदा विचारायला हवं. पण विचारणार कोण? पोटच्या पोराला आईने विचारलेलं धरत नाहीत, आणि आईला पोराने विचारलेलंही. त्यामुळे पराश्काचा उपयोग नव्हता. हाल्याने हाताची घडी घातली होती. तिला एकोणीस मैल दिसत होते. विल्माला परवानगी नव्हती. मेत्रो बटाटे असे कुस्करत होता की त्यांचं आता पाणी होईल.

राहिली स्तेफ्का.

तिने ऑरेस्टकडे पाहिलं. वाईट पोरगा नव्हता. लहानपणी तिच्या मांडीवर बसून पहिली पिरोही चिमटायला शिकलेला, आणि त्याची पिरोही अजून फुटायची. तो रीव्ह झाला तर निदान आपलं माणूस तरी असेल. रेजायनाच्या कुणा परक्यापेक्षा बरं. मोरीबद्दल त्याला समजावता येईल, नाश्त्याला बोलावून. ती आयुष्यभर हेच करत आली होती, आणखी चार वर्षं केलं असतं. तिने तोंड उघडलं.

"ऑरेस्ट—"

"थांब," मेत्रो म्हणाला.

त्याने कुस्करणी खाली ठेवली आणि हात पँटला पुसले. "तू होतेस का?" त्याने बायकोला विचारलं.

"काय होते?"

"रीव्ह."

टेबलावर कुणाचा तरी चमचा खाली पडला. नवऱ्याने विचारलेलं बेरेझात धरतात. नवरा शेवटी परक्या घरचाच असतो.

"काहीतरीच काय," स्तेफ्का म्हणाली. "नाही." तोंडाने नाही म्हणताना एप्रनच्या खिशातला कागद तिला जळत्या निखाऱ्यासारखा जाणवत होता. एक झालं, तिच्या मनात आलं, आणि मग लगेच, दुसरं कोण विचारणार?

"मला वाटलं होतं तू स्वतःच म्हणशील कधीतरी," मेत्रो हळूच म्हणाला.

"मला वाटलं होतं तू विचारशील. चोवीस वर्षं."

"मी गाढव आहे."

"ते मला लग्नाआधीपासून माहीत आहे."

ऑरेस्ट त्याच्या कागदाकडे बघत होता. तीन वाजून चव्वेचाळीस. एका बाजूला त्याच्याच अक्षरात विलीनीकरण होतं, नीट, रकाने पाडलेलं. दुसऱ्या बाजूला घाईत खरडलेली मोरी, करार आणि बोहदान. त्याने कागद दोनदा उलटून पाहिला. मग उसासा टाकला, इस्त्रीच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि पिठाची परात पुढे ओढली.

"वुयना," तो म्हणाला, "तुम्ही रीव्ह व्हा. मी सभेत तुमचे आकडे तपासेन, आणि चुकले तर सगळ्यांसमोर सांगेन, आधीच सांगून ठेवतो."

"नाही रे बाबा," स्तेफ्का म्हणाली. "मला कुठलं जमतंय." हे दुसरं होतं. आयुष्यात तिने इतक्या वाईट रीतीने खोटं कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं की तिसरं विचारायला खोलीत एकच तोंड शिल्लक आहे.

पराश्का पिरोही चिमटत होती. तिने एक पुरी केली, दुसरी घेतली. घड्याळात तीन वाजून एकोणपन्नास झाले. विल्माने कॉफी न पिताच कप खाली ठेवला.

"हाल्या," पराश्का म्हणाली, "तिला विचार—"

"नाही तेता," हाल्या आत्याला म्हणाली. "मी मुलगी आहे, माझं धरत नाहीत. तुम्हालाच विचारावं लागेल."

"विल्मा—"

"मला परवानगी नाही," विल्मा म्हणाली, आणि हे म्हणताना तिला फार आनंद झालेला दिसला.

पराश्काने मेत्रोकडे पाहिलं. मेत्रो छताकडे बघत होता. ऑरेस्ट कड चिमटत होता आणि त्याच्या बोटांमधून सारण बाहेर येत होतं. टेबलाखाली कुत्राही नव्हता, तो गाडीत होता.

स्तेफ्काने लाटणं घट्ट धरलं. तिला विनवायचं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं विनवलं नव्हतं, आता मोरीसाठीही विनवणार नव्हती. पण डोळे भरून आले आणि पिठाच्या हातांनी ते पुसता येईनात.

पराश्का उठली. उठायला तिला वेळ लागतो, टेबलाला धरून, एकेक गुडघा सरळ करत. ती टेबलाच्या टोकापर्यंत चालत आली. स्तेफ्काच्या पुढ्यातल्या पातेल्यात, मेत्रोने कुस्करलेल्या आणि स्तेफ्काने चव घेऊन मीठ घातलेल्या सारणात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. बराच वेळ तिने ते चाखलं.

"स्तेफ्का," ती म्हणाली.

हे नाव तिच्या तोंडून हाल्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"स्तेफ्का, त्या वेळी मीठ कमीच होतं. मी ते दुसऱ्या दिवशीच चाखून बघितलं होतं." तिने बोट एप्रनला पुसलं. "होतेस का रीव्ह?"

"आता तुम्ही आग्रहच करताय म्हणून," स्तेफ्का म्हणाली.

मग एकच धांदल उडाली. अर्ज स्तेफ्काच्या खिशातून निघाला तेव्हा कुणी आश्चर्य दाखवलं नाही, तेवढं सौजन्य त्यांच्याकडे होतं. फक्त पराश्का म्हणाली, "घडी जुनी दिसतेय." सूचक म्हणून तिने सही केली, अनुमोदक म्हणून ऑरेस्टने. स्तेफ्काने सही केली तिथे पिठाचा अंगठा उमटला. विल्मा पुढे आणि तिच्यामागे स्तेफ्का, कोट न घालता, एप्रनसकट, जिना चढून रस्त्यापलीकडे धावल्या. रस्त्यात थांबलेल्या एका धान्याच्या ट्रकवाल्याने त्यांना जाऊ देताना टोपी काढली, का ते त्यालाही माहीत नसावं. शिक्का पडला तेव्हा तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. चार वाजता विल्माने ड्रॉवरला कुलूप लावलं. दुसरा अर्ज आलेला नव्हता. बेरेझाचा नवा रीव्ह बिनविरोध निवडून आला होता आणि त्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

स्तेफ्का परत खाली आली तेव्हा तळघरात वाफ कोंदली होती. पहिलं पातेलं उकळत होतं, लोण्यात कांदा पडला होता. ऑरेस्टच्या पिरोही पाण्यात फुटून वर आल्या होत्या आणि हाल्या त्या झाऱ्याने वेचत त्याला एकेक मोजून दाखवत होती.

"नऊ. दहा. ही तर पिरोही नाहीच, हे सूप आहे."

"मी आकडे तपासणार आहे," ऑरेस्ट म्हणाला. "पिरोही नाही."

स्तेफ्का तिच्या जागेवर आली. पराश्का शेजारी सरकून बसली होती. कुणाच्या मध्यस्थीशिवाय तिने एक कोरडं फडकं स्तेफ्काकडे ढकललं.

"डोळे पूस," ती म्हणाली. "आणि कणीक जाड येतेय."

"लाटते पातळ."

"मोरी हिवाळ्याआधी होईल?"

"वसंतात. अनुदान आलं की."

"हं," पराश्का म्हणाली. "मी तिकडून एकदा बघून येईन. हाल्याकडे गेले नाही बरेच दिवस."

भिंतीवरचा फोन पुन्हा वाजला. सवयीने स्तेफ्काने हात पुसायला घेतले. पण मेत्रो आधीच उठला होता. गुडघे धरत तो भिंतीपर्यंत गेला आणि त्याने फोन उचलला. ऐकू नीट येईना म्हणून रिसीव्हर चांगल्या कानाला लावला.

"कोण? मोठ्याने बोल. नाही, रीव्ह कामात आहेत." त्याने ऑरेस्टकडे बोटाने खुणावून पेन मागितलं, विलीनीकरणाचा कागद भिंतीवर टेकवला आणि रिकामी जागा शोधली. "मी? मी त्यांचा नवरा बोलतोय. सांग, लिहून घेतो."